भुईआवळीच्या पानाची कड

पोळा जवळ आला की आमच्या बांधावर भुईआवळी दिसायला लागते. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. जिथं माती हलवली तिथं ती येते. विहिरीच्या गाळावर येते, पाइपासाठी खांदलेल्या चरावर येते, उकिरड्याच्या काठावर येते. वीतभर उंची, चिंचेसारखा बारीक पाला, आणि फांदी उलटी केली की खाली मोहरीएवढ्या हिरव्या आवळ्यांची ओळ. उभ्या माणसाला ती दिसत नाही. वाकावं लागतं.

यंदाही आली. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंय, काळ्या रानाला आंबूस ओला वास सुटलाय, चुडाव्याच्या स्टेशनातल्या गाडीचा आवाज ढगाखालून अगदी कानाशी आल्यासारखा वाटतो. याच दिवसांत पाणी गढूळ होतं आणि गावात एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागतात. बीमारी आणि पाला एकाच महिन्यात येतात, म्हणून आमच्या वाडवडलांनी धरलं असेल की देवानं दुखणं पाठवलं तर दवाही बांधावरच ठेवली. मलाही ते साठ-पासष्ट वर्षं पटत आलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरानं उगीच मारलं म्हणून पाटी तिथंच टाकून आलो आणि वडील दोनदा सोडायला गेले तरी आत पाय ठेवला नाही. तेव्हापासून मी असाच आहे. एकदा नाही म्हटलं की नाही.

काविळीची दवा आमच्या घरात चार पिढ्यांची. ती थोरल्याकडंच जाते. वडिलांनी मला दिली, धाकट्या सोपानला दिली नाही. पैसा घ्यायचा नाही. कुणी नारळ आणला तर महादेवापुढं फोडून अर्धा त्यालाच परत द्यायचा. रविवारी सुरू करायची आणि तीन पहाटा लागोपाठ द्यायची. आदल्या संध्याकाळी बांधावर जायचं, झाडाला भस्म लावायचं, चार अक्षता टाकायच्या आणि सांगायचं, "उद्या न्यायला येतो, चल." मग उजाडायच्या आत उपटायचं. लोखंड लावायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. सावली पडली की पाला मेला, असं वडील म्हणायचे. म्हणून तर उजाडायच्या आत. त्या वेळेला सावली नसते.

त्या वेळेला उजेडही नसतो. पण चाळीस वर्षं पाला उपटला तरी हे माझ्या मनात कधी आलं नाही.

भुईआवळी दोन जातीची. एक पांढरी, एक लाल. आमच्या घरात पांढरीच चालते. लालीला वडील 'सवत' म्हणायचे, ती बघितली की थुंकायचे. लालीचा दांडा तांबूस, आवळ्या फांदीला चिकटलेल्या आणि खरबरीत. पांढरीच्या आवळ्या गुळगुळीत, बारीक देठावर लोंबतात. भर उन्हात शेंबडं पोरही सांगेल. पण दोघी एकाच बांधावर, एकीच्या मुळात दुसरीचं मूळ. आवळ्या धरल्या नसताना, दहिवरानं भिजलेल्या, अर्ध्या अंधारात निवडून दाखवा म्हणावं कुणालाही. मी बोटानं निवडायचो. त्याचा मला लय गुमान होता.

मंगल माझी पुतणी, सोपानची एकुलती लेक. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. घर एकच, चूल एकच, त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोरच होती. आठ दिवस तिला अन्न जात नव्हतं. बाईमाणसांनी पोटातल्या लेकराच्या नावावर घातलं. त्या शनिवारी दुपारी तिच्या आईनं, कौसल्येनं, तिची पापणी ओढून बघितली आणि पदर तोंडाला लावला.

सोपान पळत जाऊन चुडाव्याहून ऑटो घेऊन आला. मी ओट्यावर बसलो होतो.

"दादा, परभनीला घिऊन जातो. गरवार हाय ती."

"कुठं निगाला? लोकं कुठून कुठून आपल्या दारात यायलेत, आन् आपलीच पोरगी दवाखान्यात? उद्या रईवारच हाय."

"तसं न्हाई दादा, पोटुशी हाय म्हनून…"

"पोटुशीला म्या आजवर दिली न्हाई का? का माझ्या हातावर शक आला तुला?"

 मंगल ऑटोत बसली होती, एक पाय बाहेर. तीच म्हणाली, "राहू द्या बाबा. मोठे बाबाचीच दवा घिऊ. ह्या ऑटोनं चुडाव्याच्या आतच लेकरू बाहेर यील, आन् मग हे डायवरदादाच त्याचं नाव ठिवतील." सगळे हसले. ऑटोवालाही हसला, म्हणाला, "ठिवतो की, बारशाला तेवढं बलवा." सोपाननं त्याला दोन्ही बाजूचं भाडं दिलं आणि त्यानं गाडी वळवली. चिखलात चाक फिरलं, दोन पोरांनी मागून ढकललं, गेली. ते ढकलणं मला अजून ऐकू येतं.

त्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस आवाजावरून ओळखायचो, भाकरी वासावरून. रविवारी पहाटे बांधावर गेलो तेव्हा समोर नुसता हिरवा धूर होता. बोटानं निवडलं, उपटलं, मुळासकट पाट्यावर वाटलं, ताकात घालून मंगलला दिलं. ती नाक दाबून प्यायली आणि म्हणाली, "कडू जहर." सोमवारी दिलं. मंगळवारी दिलं. बुधवारी सकाळी ती आईला ओळखेना. दुपारी परभणीला नेली तेव्हा तोच ऑटो मिळाला. ह्या वेळेला त्यानं इंजिन बंदच केलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता. त्यानं विचारलं, "किती दिवस झाले?" सोपान म्हणाला, शनिवारपासून. डॉक्टर म्हणाला, "मग शनिवारी कुठं होता?" एवढंच. दिवस मावळायच्या आत ती गेली. पोटातल्यासकट.

आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. आमच्याच शेताच्या कडेला दिली. जंगम आले, त्यांनी करायचं ते केलं. सोपान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि म्हणाला, "दादा, तुजा हात लागून बी वाचली न्हाई, मंजी तिचं तेवढंच व्हतं. दुसऱ्या कुनाकडं नेली असती तर जन्मभर रुखरुख लागली असती." त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर मी उलटून भांडलो असतो. भांडायला मी कधी कमी नाही. पण त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला, आणि त्याच्यापुढं मला काही करता येईना.

पुढच्या पावसाळ्यात त्या नव्या मातीवर सगळ्यात आधी भुईआवळीच उगवली.

आमच्या दवेचा एक रिवाज आहे. पहिल्या दिवशी उपटलेल्या पाल्यातली एक काडी वाटायची नाही. ती सुतात बांधून रोग्याच्या दाराच्या चौकटीला लटकवायची. डोळे पांढरे झाले की सोडून नदीत टाकायची. मंगलची काडी तशीच राहिली. सोडायची कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण अशी वेळ आमच्या घरात कधी आली नव्हती, असं मी समजत होतो. चूल एकच, चौकट एकच. रोज वाकून तिच्याखालून आत जायचो.

मंगल गेली त्याच हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर झालं होतं. दोन्ही डोळे करून घेतले. पुन्हा पावसाळा आला तेव्हा एके दिवशी भर दुपारी बांधावर गेलो, किती वर्षांनी कोण जाणे. आणि बघतो तर वडिलांच्या वेळेला पांढरीचा असलेला तो बांध आता दोघींचा होता. हाताएवढ्या जागेत तीन पांढऱ्या, चार लाल. मी खाली बसलो. घाम आला. आणि खरं सांगतो, त्या घामातच मला बरं वाटलं.

पुतणी चुकीच्या पाल्यानं गेली असेल म्हणून ज्याला बरं वाटतं तो कसला माणूस, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. पण माझ्या मनात उजेड पडल्यासारखा झाला. मी चुकलो असेन तर फक्त मी चुकलो, डोळ्यांनी चुकलो, लपवलं म्हणून चुकलो. ते पाप माझं, मी फेडीन. पण मग दवा खरी. वडील खरे, त्यांचे वडील खरे. चाळीस वर्षं माझ्या दारातून उठून बरी होऊन गेलेली माणसं खरी. आणि लाल नसली तर? तर काय, हा विचार मी पुढं जाऊ दिला नाही.

त्याच महिन्यात ती पोरगी बांधावर भेटली. वालूरची, नाव रेणुका. परभणीच्या कुठल्याशा कॉलेजात शिकत होती. पाठीला पिशवी, हातात जुन्या पेपरांचा गठ्ठा, आणि चिखलात गुडघे टेकून ती भुईआवळीच बघत होती.

"काय हुडकायलीस गं?"

"ह्या दोघी सख्ख्या बहिनी हायत ना बाबा, त्यांची पानं आतून बघायचीत. कुठं सारख्या हायत, कुठं न्हाईत."

"पानाला आत असतंय काय? एक वरची बाजू आन् एक खालची."

ती हसली. "भाकरीला बी वरून बघितलं तर दोनच बाजू असतेत की. पापुद्रा काढल्यावर कळतंय ना आत काय हाय ते?"

मला तिचं तोंड आवडलं. तिला दोन्ही जाती ओळखून दाखवल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाळून कोळ झालेली काडी असली, रंग गेला, आवळ्या झडल्या, तर कळंल का कुठली व्हती ते?"

"पान शाबूत असलं तर कळंल. पान्यात भिजत घालायचं, मग कापायचं. कॉलेजात घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकटीची काडी सोडली. सूत कुजलं होतं, हात लावताच तुटलं. रुमालात बांधत होतो तर कौसल्या भाकरी थापता थापता बघत होती. मंगल गेल्यापासून तिनं माझ्याशी जेवणाखाणापलीकडं बोलणं ठेवलं नव्हतं.

"कुठं न्यायलाव भावजी?"

"परभनीला."

"आता?" ती म्हणाली. आणि भाकरी तव्यावर टाकली.

कॉलेजातली ती खोली लांबलचक होती, स्पिरिटचा वास येत होता. दवेसाठी पांढरी म्हणून मी उपटलेली, एवढंच सांगितलं; रेणुकानं काडी कोमट पाण्यात घातली आणि मला स्टुलावर बसवलं. वाळलेली पानं हळूहळू फुगली, उघडली. वर्षभर मेलेलं पान पाण्यात उघडताना मी पहिल्यांदाच बघितलं. तोवर तिनं काम दाखवलं. गाजराचा तुकडा घ्यायचा, त्याला मधे चीर द्यायची, चिरेत पान धरायचं आणि ब्लेडनं दोन्ही मिळून पातळ पातळ काप काढायचे, पाण्यात सोडायचे. गाजर गळून पडतं, पानाचा केसाएवढा काप तरंगत राहतो. तो कुंचल्यानं उचलून काचेवर ठेवायचा, लाल रंगाचा थेंब द्यायचा आणि यंत्राखाली बघायचा.

आधी तिनं ताज्या पांढरीचा काप दाखवला. मी एक डोळा मिटून बघितलं. वरच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या एकीला एक लावून उभ्या केल्यासारखी ओळ. खाली मोकळं मोकळं, तिनं म्हटलेल्या भाकरीच्या आतल्यासारखं, हवेची भोकं. मधे शीर. मग लालीचा काप दाखवला. तीच ओळ, तीच भोकं, तीच शीर.

"ह्या तर एकच हायत."

"आतून जवळजवळ एकच हायत बाबा. म्हनून तर बहिनी. आता सरकवत सरकवत पानाच्या कडंला या."

लालीच्या कडेला बारीक बारीक खुंटं होती, चार दिवस न केलेल्या दाढीसारखी. पांढरीची कड स्वच्छ. डोळ्यांनी बघून कळणारं नव्हतं. बोटानं तर नव्हतंच.

मंगलच्या काडीचं पान ती उचलायला लागली तेव्हा मी म्हटलं, "हे म्या कापतो." ती आधी नको म्हणाली, मग ब्लेड दिलं. माझा हात अजून थरथरत नाही. माझा काप तिच्याहून पातळ आला, तिनंच सांगितलं. तिनं काच ठेवली, बघितलं, आणि आनंदानं मान वर केली.

"पांढरी हाय बाबा! तुमी बरोबर उपटलं व्हतं."

मी बघितलं. कड स्वच्छ होती.

"अजून एक पान काप."

दुसरं कापलं. तिसरं कापलं. काडीच्या शेंड्याचं, बुडाचं, मधलं. सहा पानं झाली. सगळ्यांच्या कडा स्वच्छ. ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, तुमाला काय निगायला पायजे व्हतं?"

"लाल," मी म्हणालो.

तिला सगळं सांगितलं. वर्षभर गावात कुणाला न सांगितलेलं त्या परक्या पोरीला सांगितलं. ती रडली नाही, मला धीरही दिला नाही, हे बरं केलं. म्हणाली, "मी फकस्त झाड कुठलं ते सांगू शकते. त्यानं कावीळ जाती का, ते न्हाई सांगू शकत."

"मंग लोकं बरी व्हायची ती?"

"पुष्कळांची कावीळ पथ्य केलं, इसावा घेतला की आपल्याआपन उतरते, बाबा."

"आन् गरवारनीची?"

तिनं काचा गोळा करायला घेतल्या. "तिला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं."

परतीच्या गाडीत माझ्यासमोर एक बाई पेरू खात होती. तिनं मला एक फोड देऊ केली. मी घेतली आणि हातातच धरून बसलो. हात चुकला नव्हता. पांढरं धुकं डोळ्यांत असून बोटानं बरोबर निवडलं होतं. माझ्या आयुष्यात मी जे एक काम सगळ्यांत चोख केलं, ते त्या पहाटे केलं होतं. आणि पोरगी त्या चोख कामाच्या भरवशावर चार दिवस घरात पडून राहिली.

घरी गेलो आणि जेवताना सांगितलं. "पाला बरोबर व्हता. कॉलेजात तपासला." मला पुढचं सांगायचं होतं, पण सोपाननं घास ताटात टाकला आणि तो रडायलाच लागला. "म्या म्हनलं नव्हतं दादा? म्या म्हनलंच व्हतं. तुजा कसूर न्हाई." त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता आणि तो दगड मीच उतरवला होता. कौसल्या चुलीपाशी होती. तिकडूनच म्हणाली, "पाला खरा व्हता, मंग माजी पोर कशानं गेली?" सोपान म्हणाला, "गप बस."  आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर ठाऊक होतं आणि मी ते गिळलं.

ते गिळलेलं आता बाहेर आलंय.

मी दवा बंद केली. दोन पावसाळे दारात आलेल्याला परत पाठवलं. लोक म्हणाले, म्हातारा माजला. यंदा रोहिण्यांत सोपान म्हणाला, "तू देत न्हाईस तर म्या देतो. घरानं चालत आलेली दवा हाय. कॉलेजानं तपासलेली हाय." गावभर त्यानं तेच सांगितलं. आमच्या वडिलांच्या वेळेला कधी आली नाहीत एवढी माणसं यायला लागली. मी त्याला वालूरच्या पोरीचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "पोरगी ती, तिला काय कळतंय?"

गेल्या शनिवारी त्यानं बांधावर जाऊन भस्म लावलं, अक्षता टाकल्या. तो परतल्यावर दिवस असतानाच मी गेलो आणि सगळी उपटली. पांढरी उपटली, लाल उपटली. निवडत बसलो नाही. पार मंगलच्या मातीपर्यंत गेलो आणि तिच्यावरचीही उपटली.

रविवारी पहाटे सोपान रिकाम्या हातानं परत आला. ओट्यावर माणसं बसली होती. पूर्णेच्या बाजूचा एक जण, त्याची म्हातारी आई, आणि नऊ-दहा वर्षांची पिवळी पडलेली मुलगी, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून. सोपान माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"तूच उपटलीस ना?"

"हां."

"पाला खोटा म्हनू नगंस दादा. मला तेवढंच ऱ्हायलंय." मग तो आणखी जवळ आला. "तू नुसतं बोललास. ऑटोवाल्याला भाडं दिऊन म्या परत पाठवला. बाप व्हतो ना मी? तुजं का ऐकलं म्या? पाला खोटा असला तर मला सांग, म्या कुठं जाऊ?"

मला वाटत होतं ते ओझं माझ्या एकट्याचं आहे.

मी त्या मुलीच्या बापाला म्हटलं, "परभनीला जा. आत्ताच्या आत्ता जा. या घरात दवा न्हाई." त्यानं सोपानकडं बघितलं. सोपान आत निघून गेला होता. बापानं मुलीला खांद्यावर घेतलं आणि आईला म्हणाला, "चल गं. इथं भावाभावांचंच लागलंय." म्हातारी उठता उठता मला म्हणाली, "पाला असून देत न्हाईस, पाप लागंल तुला." ती लंगडत त्याच्या मागं गेली.

फाट्यावरून एक रस्ता चुडाव्याच्या स्टेशनाकडं जातो. दुसऱ्या रस्त्याला तीन कोसांवर एक गाव आहे, तिथंही एक जण असाच पाला देतो. ते कुठं वळले ते ओट्यावरून दिसत नाही. मी काठी घेतली आणि जमेल तेवढ्या घाईनं फाट्यापर्यंत गेलो. तोवर दोन्ही रस्ते रिकामे झाले होते.